आईच्या दहाव्याचा कावळा

आमच्या घरात आक्कावर कुणी कधी हात उगारला नाही, तिला उपाशी ठेवलं नाही, की तोंडावर वाईट शब्द वापरला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अन्याय म्हटलं की लोक अंगावरचे वळ शोधायला लागतात. आमच्याकडे सगळं गोड आवाजात चालायचं. "आक्का, तुझ्याबिगर हाय का हे घर?" असं म्हणत म्हणत तिला त्या घरातून बाहेर काढायचं चाललं होतं.

आक्का माझी थोरली बहीण. तिच्या पाठचा दादा आणि शेवटची मी. मी लग्न होऊन शहरात, सावेडीत आले आणि तिथेच एका शाळेत शिकवते. आमचं गाव पारनेर तालुक्यात, आणि आमची वस्ती गावापासून थोडी बाजूला, शेतातच. वस्तीवर दोन घरं आहेत. एक दादाचं, स्लॅबचं, दारापर्यंत टाइल्स लावलेलं, गेटवर 'आईवडिलांची कृपा' असं कोरलेलं. दुसरं जुनं, दोन खोल्यांचं, वर पत्रा. ज्यांची कृपा गेटवर कोरली होती त्यातली आई शेवटपर्यंत त्या पत्र्याखाली राहिली, आणि आक्का तिच्याबरोबर.

आक्काचं लग्न वडील असतानाच झालं होतं. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ती एक पेटी घेऊन माहेरी आली आणि परत गेली नाही. पुढे वडीलही गेले. दादा तेव्हा शाळेत होता आणि मी तर अजून लहानच. कांद्याची लागण, खुरपणी, पिकाला पाणी देणं, बाजारच्या दिवशी टेम्पो गाठणं, हे सगळं आक्काने अंगावर घेतलं. दादाचं कॉलेज तिने केलं. त्याच्या लग्नाला बस्ता बांधायला तीच पुढे होती, पण लग्नाच्या दिवशी मात्र ती मांडवात दिसेना. शोधत गेले तर मागे आचाऱ्याजवळ भांडी मोजून घेत बसलेली. नवऱ्याने टाकलेल्या बाईने नवरदेवाला ओवाळू नये, असं कुणीतरी म्हणालं होतं. कुणी म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी कुणीच म्हणत नसतं, तरी त्या सगळ्यांना ऐकू येतात.

मग वस्तीवरून नवीन रस्ता निघाला. जुन्या दोन खोल्या नेमक्या रस्त्याच्या तोंडावर आल्या. दादाच्या डोक्यात आलं की तिथे गाळे काढावेत, आणि गाळे काढायचे तर सातबारावरून बहिणींची नावं कमी करून घ्यावीत. आमच्या भागात हे इतकं सरळ मानलं जातं की त्याला कुणी मागणंसुद्धा म्हणत नाही. आईवडील गेले की बहिणींनी कचेरीत यायचं, हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने दिलेली साडी घ्यायची आणि डोळे पुसत घरी जायचं. मग लोक म्हणतात, बहिणीने मन मोठं केलं. जी सही करत नाही ती भावाच्या जिवावर उठलेली. मी इतकी वर्षं ऐकत आलेय, पण भावाने मन मोठं करावं असं कुणी कधी कुठल्या भावाला सांगितलेलं मला आठवत नाही.

माझ्यापुरता मी तो वाटा मनातून सोडूनच दिला होता. मला नवरा आहे, नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे. पण आक्काने काय करायचं? दादाने त्याचाही विचार केला होता. तो मला एकदा समजावून सांगायला लागला, "आक्का काय परकी हाय का? आमच्यातच राहील की. जिन्याखालची खोली रिकामी करून देतो." जिन्याखालच्या त्या खोलीत खताच्या गोण्या असायच्या. तिला खिडकी नव्हती. मी हे आक्काला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "गोन्या कुठं ठेवनार मग?"

आई अंथरुणाला खिळलेली होती तोवर विषय पुढे गेला नाही. आक्काच तिचं सगळं करायची. दादा सकाळी दारातून डोकावून "आई, बरं हाय ना?" असं विचारून जायचा, आणि आईला त्याचंच कोण कौतुक. ऐन चैत्रात आई गेली.

दहावा गावच्या नदीवर होता. नदी म्हणजे उन्हाळ्यात नुसती वाळू. घाटाच्या पायऱ्या आहेत, एक मोठं लिंबाचं झाड आहे, आणि विधीला लागणारं पाणी टाकीतून आणावं लागतं. मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, प्रवचनाला महाराज आले होते. आमच्याकडे हल्ली दहाव्याला भाषणंही होतात. ज्यांनी आईला जन्मात पाहिलं नव्हतं अशी माणसं माईकसमोर येऊन, माउलीच्या जाण्याने तालुक्याची कधीही न भरून येणारी हानी झाल्याचं सांगत होती. आई तालुक्याच्या गावी शेवटची कधी गेली होती, हे त्यांना विचारायला हवं होतं. भोंगा त्या लिंबाच्याच फांदीला बांधलेला. प्रत्येक नवीन वक्ता आधी "हॅलो, हॅलो" म्हणून टिचकी मारायचा आणि झाडावरचे कावळे भर्रकन उडून जायचे.

भाषणं संपली. दादाने मुंडण केलं होतं, अंगावर ओला पंचा होता. गुरुजींनी सांगितलं तसे त्याने पिंड मांडले. शेजारी पत्रावळीवर आईच्या आवडीचं वाढलं: कांदाभजी, शेव, पेल्यात गुळाचा चहा, आणि तिची मिश्रीची डबी. सगळे मागे सरले. पुरुष एका बाजूला, आम्ही बायका दुसऱ्या बाजूला. आता कावळा शिवला की आई समाधानाने गेली, आणि सगळे जेवायला मोकळे.

कावळा येईना.

सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. ऊन चढत होतं. दादा हात जोडून म्हणाला, "आई, नातवंडांची काळजी करू नको. त्यान्ला लई शिकवीन." वहिनी पुढे आली, देवीचा नवस फेडायचं तिने कबूल केलं. कुणी आईच्या गाईचं नाव घेतलं, तिला विकणार नाही म्हणून सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांच्या माना झाडाकडे वळायच्या. एक कावळा दूरच्या दगडावर येऊन बसला, पत्रावळीकडे पाहून उडून गेला. मागे स्वयंपाकाची भांडी झाकून ठेवलेली. माणसं घड्याळात बघायला लागली.

मी दादाजवळ जाऊन हळूच म्हणाले, "तो भोंगा काढा आधी. त्याच्या खरखरीने कावळे थांबत नाहीत."

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू गप बस गं जरा."

तेव्हा आमचे चुलते उठले. वडिलांचे धाकटे भाऊ, भावकीत त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी माईक हातात घेतला. मला त्या क्षणी कळलं की हे असंच होणार होतं. 

"वहिनींचा जीव कशात अडकलाय ते समद्यांना ठाव हाय," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ. "लेकीबाळींनी घराचं कोडं सोडवलं न्हाई, म्हनून माउली अडून बसली. आक्का, पुढं ये बाळा."

आक्का त्या वेळी पन्नाशी ओलांडलेली बाई. पण "बाळा" म्हटल्यावर ती उठली. सगळा घाट तिच्याकडे बघत होता. मी तिचं मनगट धरलं. 

"काका," मी म्हणाले, "हा घाट आहे, कचेरी नाही. जमिनीचं बोलायचं असेल तर घरी बसून बोलू. आणि कायद्याने—"

"मास्तरीनबाई," चुलत्यांनी माईकवरूनच मला थांबवलं, "तुमी शान्या हायात. पन हितं कायदा न्हाई, हितं आई हाय."

माझ्याकडे माईक नव्हता. माझा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे गेला नसेल. त्यांचा मात्र नदीच्या पल्याडच्या शेतातसुद्धा ऐकू जात होता. मागून एक बाई पुटपुटली, "बोल बाई एकदाची, म्हातारी उन्हात ताटकळली." दुसरी म्हणाली, "हिला काय लेकरूबाळ हाय का? कुनासाठी धरून बसली?" या दोघींना आक्काने पापड लाटायला, बाळंतपणाला, सगळ्याला हात दिलेला. माझं डोकं इतकं तापलं की त्या पत्रावळीवरची भजी उचलून कुणाच्या तरी तोंडावर फेकावीशी वाटली.

आक्काने माझा हात हळूच सोडवला. ती पिंडासमोर गेली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले.

"आई," ती म्हणाली, "माझा वाटा मी सोडते. दोन खोल्याबी सोडते. तू आता जा."

तिचा आवाज कापला नाही. कापला असता तर मला बरं वाटलं असतं. इतक्या माणसांत कुणाच्या तरी मनाला लागलं असतं.

सगळ्यांनी झाडाकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं, खोटं कशाला बोलू? असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी त्या क्षणी, नको, आता तरी येऊ नको, असं मी त्या कावळ्याला मनातल्या मनात बजावत होते.

तो आला नाही.

कुजबुज सुरू झाली. चुलत्यांचा चेहरा उतरला. माणसाने एवढ्यावर तरी थांबावं की नाही? ते पुन्हा माईककडे वळले. "मनापासून बोल, आक्का. मनात काय धरून बोललं की आत्म्याला कळतंय."

म्हणजे देऊन टाकलं तेही कमी पडलं होतं. आता ते हसत द्यायला हवं होतं. आक्का जागची हलली नाही. तिने परत हात जोडले, तेच शब्द परत म्हणाली, एकही कमी-जास्त न करता. "आई, माझा वाटा मी सोडते. दोन खोल्याबी सोडते. तू आता जा." आणि तशीच डोळे मिटून उभी राहिली. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली वाळू. दादा खाली मान घालून पंचाचं टोक पिळत होता. त्याने एकदा जरी म्हटलं असतं की पुरे करा, माझ्या बहिणीला बसू द्या, तर मी त्याचं बाकी सगळं विसरले असते. 

शेवटी गुरुजीच कंटाळले. त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाच्या काड्या वळून कावळा केला, दादाच्या हातात दिला आणि पिंडाला लावायला सांगितला. "झालं. शिवला," ते म्हणाले. मांडवात एकदम हालचाल सुरू झाली. पंगती बसल्या, वाढपी धावायला लागले, आणि ज्यांचे चेहरे इतका वेळ आईच्या काळजीने सुकले होते ती माणसं बुंदी मागून घेऊ लागली. चुलते आचाऱ्याला सांगत होते, "तेराव्याच्या जेवनानंतर कचेरीत जाऊन सह्या उरकू."

वस्तीवर परत येताना आक्का माझ्या शेजारी टेम्पोत बसली होती. तिने विचारलं, "दर्भाचा कावळा म्हंजी खरा न्हवं ना?"

"खरा कसला डोंबलाचा," मी चिडून म्हणाले. "आणि खरा तरी काय करणार होता? तू कशाला बोललीस तसं? मी होते ना तिथं?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि बाहेरच्या शेताकडे बघत राहिली. मला वाटलं ती खचली. मी मनात कायद्याची जुळवाजुळव करायला लागले. जबरदस्तीने घेतलेला शब्द कसा टिकत नाही, सही करायची नसेल तर कुणी हात धरून करून घेऊ शकत नाही, हे तिला कसं पटवायचं याचा विचार करत राहिले. तेराव्यापर्यंत मी वस्तीवरच राहिले आणि रोज तिला काहीबाही सांगत राहिले. ती "हूं, हूं" करायची आणि आईची लुगडी घड्या घालून ठेवायची.

तेराव्याचं गोड जेवण झालं. भावकीतली चारदोन माणसं अंगणात खुर्च्या टाकून बसली. चुलते पान लावत होते. दादाने गाडी गेटसमोर आणून लावली होती, कागद आधीच तयार होते. वहिनी आतून दोन साड्या घेऊन आली, एक आक्काची, एक माझी. दोन्ही एकाच रंगाच्या, एकाच दुकानातल्या. आदल्याच आठवड्यात आणलेल्या असणार. म्हणजे आईचं सुतक पाळत असतानाच कुणीतरी पारनेरला जाऊन बहिणींच्या मन मोठं करण्याच्या साड्या निवडल्या होत्या. मला एकदम हसू आलं, आणि लगेच रडू.

आक्का तिच्या दोन खोल्यांतून बाहेर आली. अंगावर रोजचंच पातळ होतं. बाहेर जायच्या तयारीत ती दिसत नव्हती.

"दादा, साडी ठेव," ती म्हणाली. "मी सही करनार न्हाई."

चुलत्यांचा पानाचा हात थांबला. "अगं, साऱ्या गावासमोर बोललीस. आईला शब्द दिलास."

"दिला," आक्का म्हणाली. "पन आईनं घेतला न्हाई."

कुणालाच कळेना. मलाही कळेना.

"तुमीच म्हनला हुता, काका," आक्का हळू आवाजात सांगू लागली, "आईचा जीव माझ्या वाट्यात अडकलाय. मग मी वाटा सोडला. एकदा सोडला, कावळा आला न्हाई. तुमी म्हनला मनापासून बोल, तर परत सोडला. तरीबी आला न्हाई. वाटा सोडून आईचं समाधान व्हनार असतं तर तो यायला पायजे हुता. म्हंजी आईला ते मान्य न्हाई. मी आईच्या मनाबाहीर कशी जाऊ?"

 चुलते म्हणाले, "गुरुजींनी शिववला की."

"तो तुमी काड्यांचा वळला. त्यात आई न्हवती."

चुलत्यांनी हातातलं पान तसंच खाली ठेवलं.  कावळ्याला कसलं कळतंय असं म्हणावं, तर साऱ्या गावासमोर माईकवरून त्यांनीच त्याला साक्षीला बोलावलं होतं. कावळा खरा मानावा, तर तो आक्काच्या बाजूने बोलून गेला होता.  माझा सगळा कायदा, माझी शाळा, माझी भाषणं, ज्यांनी त्या अंगणातलं एक माणूस हललं नसतं, आणि ही बाई त्यांच्याच तोंडचे शब्द त्यांच्याच पुढ्यात मांडून उभी होती. ती डाव टाकत होती का? नाही. मी तिला जन्मापासून ओळखते. दहाव्यापासून ती खरोखरच हा विचार करत होती, आणि आईची घडी घातलेली लुगडी समोर घेऊन तो तिने पक्का केला होता.

दादा मग उठला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. "आक्का, मी तुला कधी काय कमी केलं?"

"न्हाई केलंस," आक्का म्हणाली. "म्हनून तर भांडत न्हाई तुझ्याशी. पन जिन्याखाली न्हाई यायची मी."

मी माझी साडी वहिनीच्या हातात परत दिली. म्हणाले, "आक्काची सही नाही तर माझीही नाही." दादा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच त्याचं घर फोडलं. "मग तुझं माहेर आजपास्नं तुटलं, समज," तो म्हणाला.  तरी मी साडी परत घेतली नाही. गाडी गेटसमोर तशीच उभी राहिली.

त्यानंतर दादाने दोन घरांच्या मध्ये पत्रे ठोकले. भाऊबीजेला आला नाही. गावात बोललं जाऊ लागलं की आक्काने आईचा दहावा नासवला. हळदीकुंकवाला तर तिला आधीही बोलवत नव्हते, आता पापड लाटायलाही बोलवेनासे झाले. आणि एके दिवशी तिच्या नळाचं पाणी बंद झालं. बोअर दादाच्या बाजूला, तिथून तिच्याकडे पाईप जातो. तिने विचारायला माणूस पाठवला तर निरोप आला, "पाईप फुटलाय. बघतो." मी फोन केला तर तेच, त्याच गोड आवाजात, "अगं बघतो की, मानूस मिळंना." त्याच्या कांद्याला पाणी देणारे पाईप मात्र कधी फुटले नाहीत. आक्का हापशावरून हंडा आणायला लागली. तिच्या गुडघ्यांचं दुखणं मला माहीत आहे. मी रजा मिळेल तशी बसने जाते, चार हंडे भरून ठेवते आणि परत येते. दर वेळी परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात दादाशी भांडते आणि सावेडी येईपर्यंत जिंकलेली असते.

आईचं वर्षश्राद्ध झालं. गेल्या पितृपंधरवड्यात तिचं पहिलं पित्तर होतं. आक्काकडे करायला कुणी गुरुजी येणार नव्हते. ती म्हणाली, आपण आपलं साधं पान काढू. मी सकाळीच पोहोचले. पत्र्यांच्या पलीकडून तळणाचा वास येत होता. दादाने गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलेलं इथून दिसत होतं, आणि त्याची "काव, काव" अशी हाक ऐकू येत होती. पाहुणे आलेले. कावळ्याने घास घेतल्याशिवाय जेवायचं नाही, तेव्हा सगळे ताटकळलेले.

इकडे आमच्या डोक्यावर पत्रा नुसता वाजत होता. रोज सकाळी आक्का शिळ्या भाकरीचे तुकडे पत्र्यावर टाकते. आई असतानाही टाकायची. त्यामुळे वस्तीवरचे सगळे कावळे तिच्या घरावर बसलेले असतात. दादाच्या गच्चीकडे एकही फिरकला नाही. दुपार झाली. पलीकडच्या हाका थकल्या. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "औंदाबी म्हातारी रुसलीच म्हनायची." 

मग दारात सावली पडली. दादा उभा होता, हातात ते पान. त्या उंबऱ्याशी तो दीड वर्षाने आला होता. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"आक्का," तो म्हणाला, "आईचं पान... हितं ठेवू का?"

मी आक्काकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी हिने बोलावं. घाटावरचं ऊन काढावं, हापशाचा हंडा काढावा, माझं तुटलेलं माहेर काढावं. तिने चुलीवरची भाकरी उलटली.

"ठेव की," ती म्हणाली. "आईचंच घर हाय."

दादाने अंगणात जाऊन टाचा उंचावून पान पत्र्यावर ठेवलं. त्याचा हात खाली यायच्या आत कावळे पानावर उतरले. भजी, खीर, वडे, सगळ्यावर तुटून पडले. तो वर बघत उभा राहिला. कायद्याने बहिणीला काय मिळतं हे त्याला तलाठ्याने, वकिलाने, मी, सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते आमच्यापैकी कुणाच्या बोलण्याने दिसलं नव्हतं. तो भ्याला होता.

"शिवला बघ," आक्का आतून म्हणाली. "आता जा, जेवाय बसा समदी. आन त्या पाईपाचं तेवढं बघ."

तो मान खाली घालून गेला. त्यानंतर सहीसाठी त्याने पुन्हा कुणाला पाठवलं नाही, गाळ्यांचा विषयही काढला नाही. दोन खोल्या आक्काच्या राहिल्या. काल फोनवर मी तिला पाण्याचं विचारलं. पाईप अजून फुटलेलाच आहे.